तीन पत्तीवरून पोकरकडे: शब्द, क्रम आणि समोरच्याला वाचण्याची पद्धत

इंदूरच्या मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या रात्री सतरंजी पडते ती बहुतेक वेळा तीन पत्तीसाठी. आता त्याच सतरंजीवर पोकर, म्हणजे टेक्सास होल्डेम, खेळायचा हट्ट घरातली तरुण मंडळी धरतात. गोंधळ दोन ठिकाणी होतो. एक, तीन पत्तीचे नियम आणि शब्द तसेच पोकरमध्ये येतात आणि निम्मा वेळ भांडणात जातो. दोन, जो तो पहिल्या हातापासून समोरच्याच्या डोळ्यांत बघत बसतो आणि भलतेच निष्कर्ष काढतो. वाचनाचा खरा क्रम असा: आधी शब्द, मग बेट (पाळीला लावलेले चिप्स), मग माणसाची नेहमीची वागणूक आणि चेहरा सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

खेळ फक्त चिप्सवर ठेवा. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मध्य प्रदेशात लागू आहे आणि पैसे लावून ऑनलाइन खेळायचे खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत. शिवाय पैसे आले की लोक पत्त्यांपेक्षा खिशाकडे बघून खेळतात, आणि मग शिकायला काहीच मिळत नाही.

१. बैठकीची तयारी

सहा जणांचं टेबल शिकायला सगळ्यात बरं. चौघांत हात फार सैल खेळले जातात, नऊ जणांत पाळी येईपर्यंत लोक मोबाइल काढतात.

चिप्स: ब्लाइंड (दोघांनी आधीच टाकायची सक्तीची रक्कम) ५ आणि १० ठेवा आणि प्रत्येकाला १,००० द्या, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट. वाटप असं: पाचच्या २०, पंचवीसच्या १२, शंभरच्या ६. माणशी ३८, सहा जणांच्या २२८. चिप्सवर आकडे नसतील तर रंगांच्या किमती ठरवून कागदावर लिहा आणि तो कागद टेबलावरच ठेवा. पाचच्या चिप्स कमी दिल्या तर दर हाताला सुट्ट्यांसाठी अडतं, त्यामुळे तिथे हात आखडू नका.

पत्ते: पाठीच्या वेगळ्या रंगाचे दोन जोड घ्या. एक वाटला जात असताना दुसरा पिसला जातो. जोड प्लास्टिकचे घ्या. कागदी पत्ते आणि शेवेची बशी एकत्र आली की तासाभरात एक्क्याच्या पाठीवर तेलाचा डाग पडतो, आणि मग समोरच्याला वाचायची गरजच उरत नाही. शेव, पोहे, जे काही असेल ते टेबलापासून लांब, शेजारी पुसायला कापड.

जागा: पानं काढून ठरवा. नंतर कोणी उठलं आणि जागा बदलायची संधी मिळाली, तर सतत रेज करणारा (बेट वाढवणारा) माणूस आपल्या उजव्या हाताला येईल अशी जागा घ्या. पाळी डावीकडे सरकते, त्यामुळे तो आधी बोलतो आणि तुम्ही ऐकून ठरवता.

तपासा: प्रत्येक जोडात ५२ पानं आहेत का, जोकर बाहेर काढलेत का, पिसताना तळाचं पान कोणाला दिसत नाही ना.

२. तीन पत्तीतलं काय विसरायचं

सगळ्यात जास्त वाद सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) आणि कलर (सगळी एकाच रंगाची पानं) यांवरून होतात. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये कलर मोठा. कारण साधं आहे: जे कमी वेळा जमतं ते मोठं. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात, त्यांत साधे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. पानं वाढली की तोल उलटतो.

ट्रेलचंही तसंच. तीन पत्तीत ट्रेल सगळ्यांचा बाप. पोकरमध्ये तीन सारखी पानं सिक्वेन्सच्याही खाली. तीन पत्तीवाला तीन अठ्ठ्या दिसल्या की सगळे चिप्स ढकलतो, आणि बोर्डवर, म्हणजे मधल्या सगळ्यांच्या उघड्या पानांत, चार किलवर पडलेत हे त्याला शेवटी कळतं.

मोठ्याकडून लहानाकडे क्रम असा: एकाच रंगातला सिक्वेन्स (त्यात दश्शी ते एक्का हा सर्वांत वरचा), चार सारखी, फुल हाउस म्हणजे तीन सारखी अधिक एक जोडी, कलर, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि शेवटी नुसतं मोठं पान. एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत मानाचा सिक्वेन्स; पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान. इस्पिक मोठं, बदाम त्याखालचं असं काही पोकरमध्ये नाही, चारही रंग सारखे. दोघांचे हात बरोबरीत सुटले तर पॉट (मधे जमलेले चिप्स) अर्धा अर्धा.

आता शब्द. ‘ब्लाइंड’ म्हणजे तीन पत्तीत न बघता खेळणं; पोकरमध्ये डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधी टाकायची सक्तीची रक्कम. आपला ‘बूट’ सगळे भरतात, ब्लाइंड फक्त दोघं. ‘पॅक’ म्हणजे फोल्ड, इथवर ठीक. ‘साइड शो’ पोकरमध्ये नाहीच. ‘शो’ मागता येत नाही; शेवटच्या फेरीतली बोली पुरी झाली आणि दोन किंवा जास्त जण उरले तरच पानं उघडतात.

‘पास’ हा शब्द टेबलावरून हद्दपारच करा. एकाला त्यातून चेक (काही न टाकता पाळी पुढे देणं) म्हणायचं असतं, दुसऱ्याला फोल्ड, आणि तिसरा ते ऐकून पानं फेकून मोकळा होतो.

३. एका हाताचा क्रम

बटण, म्हणजे या हाताचा डीलर कोण ते दाखवणारी चकती, डीलरसमोर. त्याच्या डावीकडचा लहान ब्लाइंड ५, त्यापुढचा मोठा ब्लाइंड १०. प्रत्येकाला दोन पानं, एकेक करून. पहिली बोली मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडच्यापासून. मग एक पान उपडं बाजूला टाकून (बर्न) तीन पानं उघडी: फ्लॉप. पुन्हा एक बर्न, चौथं पान: टर्न. पुन्हा बर्न, पाचवं: रिव्हर. फ्लॉपपासून पुढे प्रत्येक फेरीत बटणाच्या डावीकडचा, अजून हातात असलेला पहिला खेळाडू आधी बोलतो. दोघंच खेळत असतील तर बटणवालाच लहान ब्लाइंड भरतो, हे बरेच जण चुकतात.

रेज किमान मागच्या वाढीइतका हवा. मोठा ब्लाइंड १०, कोणी ३० केले तर वाढ २० ची. पुढचा रेज किमान ५० चा.

कोणाचे चिप्स आधी संपले तर पॉट वेगळे करा. एकाकडे ३००, दोघांकडे ७०० आणि तिघंही ऑल-इन (जवळचे सगळे चिप्स लावलेले): मुख्य पॉट ९००, त्यावर तिघांचा हक्क. उरलेले ८०० साइड पॉट, तो फक्त दोघांचा.

हात मोजताना सात पानांतली सर्वोत्तम पाच, बस्स. तीन जोड्या असं काही नसतं. तुमच्याकडे पंजीची जोडी आहे आणि बोर्डवर राजा-राजा-नव्वी-नव्वी-एक्का पडलंय, तर तुमच्या पंज्या कामातून गेल्या. तुमचा हात बोर्डवरचाच, राजा-नव्वीच्या दोन जोड्या आणि एक्का किकर (जोड्यांबाहेरचं पाचवं पान). समोरच्याचाही तोच असेल तर पॉट वाटला जातो.

४. टेबलावर बोलायचे चार शब्द

चेक, कॉल (समोरच्या बेटइतकेच टाकणं), रेज, फोल्ड. सुरुवातीलाच जाहीर करा की हे चारच शब्द धरले जातील, आणि पाळी आल्यावर एकदा बोललेलं बदलता येणार नाही. बेट करायची असेल तर नुसता आकडा बोला, तोही तितकाच बांधील. ‘बघू या’, ‘चल भिया, आलो’, ‘हूं’ यांना काही किंमत नाही.

चिप्स एका दमात पुढे सरकवा. थोडे टाकले, समोरच्याचं तोंड बघितलं, मग आणखी टाकले, हे चालत नाही. पहिल्यांदा टाकलेलेच धरा. समोर ३० ची बेट असताना न बोलता शंभरची एकच चिप टाकली तर तो कॉल, रेज नव्हे.

पाळी सोडून बोलू नका. हे नुसतं शिस्तीसाठी नाही. पुढच्या टप्प्यातलं सगळं वाचन प्रत्येकजण आपापल्या वेळी बोलतो यावर उभं आहे. दोघं घाईने आधीच फोल्ड म्हणाले तर तिसऱ्याच्या बेटमधून काय कळणार?

५. बेट वाचा

पहिले वीस हात फक्त मोजा. घरगुती टेबलावर तासाभरात तेवढे होतात. प्रत्येकजण फ्लॉपआधी किती वेळा आपण होऊन चिप्स टाकतो ते बघा. मोठ्या ब्लाइंडवर फुकटात चेक केलेलं धरू नका. सहा जणांत वीसपैकी तीन-चार हात खेळणारा घट्ट. दहा किंवा जास्त खेळणारा सैल. मग दुसरा प्रश्न: तो चिप्स टाकतो ते रेज करून की नुसते कॉल करून? सतत कॉल करणारा थंड, रेज करणारा आक्रमक. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत माणसाचं ऐंशी टक्के वाचन होतं, असं मी म्हणेन, आणि त्यासाठी कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

सैल आणि थंड माणसाला ब्लफ मारू नका. तो फोल्ड करतच नाही. चांगला हात आला की मोठी बेट लावा, तो भरेल. घट्ट आणि थंड माणूस अचानक रेज करतो तेव्हा एका जोडीचा मोह सोडा. आक्रमक माणसाला मात्र चेक करून बोलू द्या; तो स्वतःच पॉट फुगवतो.

आता बेटचा आकार. आकडा नुसता बघू नका, पॉटच्या मानाने बघा. पॉटमध्ये १०० आहेत आणि समोरच्याने ५० लावले, तर तुम्ही ५० टाकून २०० च्या पॉटसाठी खेळता. चारातून एकदा जिंकलात तरी बरोबरी. पॉटइतकी बेट आली तर तिनातून एकदा जिंकायला हवं. पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याची बेट असेल तर पाचातून एकदा.

हे गणित आउट्सशी, म्हणजे तुमचा हात पुरा करणाऱ्या बाकी पानांशी, ताडून बघा. कलरला एक पान कमी असेल तर तुमचे नऊ आउट्स. फ्लॉपवर असताना, दोन पानं बाकी, तो कलर साधारण ३५ टक्के वेळा जमतो. टर्नवर, एकच पान बाकी, २० टक्क्यांच्या किंचित खाली. दोन्ही टोकांनी उघडा सिक्वेन्स, आठ आउट्स: साधारण ३१ आणि १७. मधलं पान हवं असेल, चार आउट्स: १६ आणि ९. पाठ करायला सोपं हवं असेल तर दोन पानं बाकी असताना आउट्सना चाराने गुणा, एक बाकी असताना दोनाने.

सावध: फ्लॉपवरचे ३५ टक्के रिव्हरपर्यंत बसू दिलं तरच खरे. टर्नवर पुन्हा मोठी बेट येणार असेल तर हिशेब एका पानाचाच धरा.

नवशिक्यांच्या बेटांत काही ठरावीक खुणा असतात. एरवी पॉटच्या अर्ध्याने लावणारा रिव्हरवर अगदी छोटी बेट लावतो, तेव्हा बहुतेक त्याच्याकडे मधला हात असतो आणि त्याला स्वस्तात शेवट बघायचा असतो. एरवी कॉल करत जाणारा टर्नवर किमान रेज करतो, तेव्हा दोन जोड्या किंवा त्याहून मोठं काही आहे असं धरा. फ्लॉपआधी रेज केला, फ्लॉपवर बेट लावली आणि टर्नवर थांबला, तर फ्लॉप त्याला लागला नसण्याची शक्यता बरीच.

६. माणसाची नेहमीची वागणूक टिपा

एकट्या खुणेला अर्थ नसतो. ती नेहमीपेक्षा वेगळी असेल तरच काही सांगते. त्यासाठी नेहमीचं काय ते आधी माहीत हवं, आणि ते टिपायची वेळ म्हणजे तुम्ही फोल्ड केलेले हात. बहुतेकजण नेमके तेव्हाच स्वयंपाकघरात डोकावतात.

चार गोष्टी बघा: बसण्याची ढब, चिप्स टाकण्याची लय, बोलण्याचं प्रमाण, ठरवायला लागणारा वेळ. पाय हलवण्याची सवय असलेला माणूस पाय हलवतोय यात बातमी नाही. पाय थांबला तर बातमी. रात्र चढल्यावर वागणूक बदलते, हेही लक्षात ठेवा. बारा वाजता ‘सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) जायचंय ना?’ असं दोनदा विचारणारा गृहस्थ पुढचे पाच हात उगाच सैल खेळणार आहे. आणि मोठा पॉट हरल्यावर लगेच पुढच्या हातात रेज करणारा टिल्टवर, म्हणजे चिडून खेळतो, आहे; त्याची आधीची नोंद काही वेळ बाजूला ठेवा.

तपासा: टेबलावरच्या दोघांबद्दल तरी ‘हा एरवी असा वागतो’ हे वाक्य तुम्हाला पुरं करता येतंय का? येत नसेल तर पुढचा टप्पा आज नको.

७. शरीराच्या खुणा

आधी नजर कुठे ठेवायची ते. फ्लॉप उघडतो तेव्हा सगळे फ्लॉपकडे बघतात. तुम्ही माणसांकडे बघा; पानं कुठे जात नाहीत. तसंच आपली दोन पानं लगेच उचलू नका. डावीकडचे आपली पानं बघतात तेव्हा त्यांच्याकडे बघा, आपली पानं पाळी आल्यावर. हात येताच पानं पिळत बसायची तीन पत्तीची सवय इथे सगळ्यात महाग पडते.

फ्लॉप बघून नजर क्षणभर स्वतःच्या चिप्सवर जाऊन परत येते: हात लागला असण्याची शक्यता मोठी. तेच फ्लॉपकडे टक लावून बघत राहणं बहुतेक वेळा निराशेचं.

बोर्डवर तीन एकाच रंगाची पानं, समजा बदाम, पडली आणि कोणी आपली पानं पुन्हा उचलून बघितली, तर त्याच्याकडे कलर तयार नाही असं धरा. दोन्ही बदाम असते तर आठवणीत राहिले असते. एक लाल आणि एक काळं होतं, लाल ते बदाम की चौकट एवढंच तो बघतोय.

तुम्ही चिप्सला हात घालताच समोरचा कॉलच्या तयारीने चिप्स उचलतो, तेव्हा त्याला बहुतेक तुमची बेट नको असते. उलट उसासा टाकून, खांदे उडवून, ‘जाऊ दे, खेळतोच’ म्हणत केलेला रेज हा मोठा हात. मुद्दाम केलेला अभिनय बहुतेक उलटा वाचायचा.

बेट लावल्यावर गप्पांना ऊत आला, शेजाऱ्याशी थट्टा सुरू झाली, तर माणूस निर्धास्त आहे. ब्लफ मारणारा बहुधा आवळून बसतो, श्वाससुद्धा हळू. थरथरणाऱ्या हातांबद्दल सगळे उलट समजतात. बेट टाकताना हात कापला तर ती भीती असते असं नाही. मोठा हात लागल्यावर जो ताण सुटतो त्याने हात कापतो. मात्र हाच हात मघाशी चहाचा कप धरतानाही कापत होता का, ते आठवा.

वेळेची खूण सगळ्यात उपयोगी. झटपट कॉल म्हणजे बहुतेक ड्रॉ (अजून पुरा न झालेला हात) किंवा मधला हात. मोठा हात असता तर रेज करावा का याचा विचार करायला दोन क्षण गेले असते. खूप वेळ घेऊन केलेला रेज सहसा दमदार.

सावध: शरीर आणि बेट यांचं जुळत नसेल तर बेटवर विश्वास ठेवा.

८. एक हात सगळे टप्पे लावून

ब्लाइंड ५-१०, सहा जण. मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडे काका. वीस हातांत चार खेळले, चारही कॉल करून. ते नुसते १० टाकतात. तुम्ही बटणावर, किलवर एक्का आणि बदाम राणी. तुम्ही ४० करता, ब्लाइंडवाले फोल्ड, काका कॉल. पॉट ९५.

फ्लॉप: इस्पिक राणी, चौकट अठ्ठी, किलवर तिर्री. काका चेक, तुम्ही ५०, काका जरा थांबून कॉल. पॉट १९५.

टर्न: बदाम अठ्ठी. काका चेक, तुम्ही १००. काका दोनशे करतात. आता तुम्हाला १०० टाकायचे आहेत, तुमचे धरून पॉट ५९५ होईल, म्हणजे १७ टक्के वेळा जिंकलात तरी हरकत नाही. स्वस्त वाटतं, आणि इथेच लोक फसतात. सबंध संध्याकाळ एकदाही रेज न केलेल्या माणसाने बोर्डवर जोडी लागताच रेज केलाय. राणी-राजा असता तर त्यांनी कॉलच केला असता, आजवर तेच केलंय. त्यांच्याकडे तिसरी अठ्ठी असेल तर तुम्हाला वाचवणाऱ्या राण्या फक्त दोन, काकांची दोन सोडून उरलेल्या ४४ पानांत. पाच टक्केसुद्धा नाही. एक्का आला तरी उपयोग नाही, दोन जोड्या तीन अठ्ठ्यांना हरतात. शिवाय रिव्हरवर आणखी बेट येणार ती वेगळीच. फोल्ड.

काकांचा चेहरा इथे बघितलाच नाही. हाच रेज टेबलावरच्या आक्रमक भाच्याने केला असता तर कॉल करायला हरकत नव्हती, आणि तेव्हा मात्र भाचा गप्प झालाय की गप्पा मारतोय हे बघण्यात अर्थ होता.

९. शोडाउननंतरची नोंद

पानं उघडली की बहुतेक टेबलांवर जिंकणाऱ्याचं कौतुक सुरू होतं. तुम्ही हात मागे फिरवा: याने फ्लॉपआधी काय केलं, फ्लॉपवर किती लावले, टर्नवर किती वेळ घेतला, आणि शेवटी निघालं काय. अंदाज खरा की खोटा हे कळायची हीच एक जागा. शेवटची बेट ज्याने लावली त्याने पानं आधी दाखवायची, हा नियम टेबलावर पाळून घ्या. नाहीतर लोक हरलेली पानं गुपचूप सरकवतात आणि नोंद अर्धी राहते.

घरी गेल्यावर माणशी दोन ओळी लिहा, जास्त नको. ‘टर्नवर किमान रेज, तीन सारखी निघाली.’ ‘रिव्हरवर छोटी बेट, मधली जोडी.’ तीच खूण तीनदा तशीच निघाली की पुढच्या बैठकीत तिच्यावर चिप्स लावा. एकदाच निघाली असेल तर नाही.

आपल्याही खुणा असतात. उपाय एकच आणि कंटाळवाणा: प्रत्येक निर्णयाआधी मनात तीन आकडे मोजा, चिप्स नेहमी त्याच हाताने, त्याच वेगाने सरकवा, आणि बेट लावल्यावर नजर बोर्डवरच्या एका ठरलेल्या पानावर ठेवा. हात फालतू असताना फोल्ड करतानाही हेच तीन आकडे मोजायचे. तिथे घाई केलीत तर एरवीचं थांबणं समोरच्याला दिसणारच.